अल्कांताराच्या पुलावरची नावे

स्पेनमध्ये, पोर्तुगालच्या सरहद्दीजवळ, ताहो नदीवर अल्कांताराचा दगडी पूल आहे. अरबीत ‘अल्-कंतरा’ म्हणजे पूलच. गावालाही तेच नाव पडले. इ. स. १०४ ते १०६ च्या सुमारास, सम्राट ट्राजनच्या काळात तो बांधला गेला. सहा कमानी, जवळपास दोनशे मीटर लांबी, आणि मुळात चुन्याशिवाय बसवलेले ग्रॅनाइटचे चिरे. रोमन प्रतिभेचा नमुना म्हणून त्याचे कौतुक होते. मला प्रश्न पडतो तो या ‘रोमन’ शब्दाविषयी.

पूल स्वतः काय सांगतो? मधोमध विजयकमान आहे, तिच्यावर ट्राजनचे नाव. एका टोकाला छोटे देऊळ. तिथल्या लेखात स्थपती गायस युलियस लाकेर आपला पूल युगानुयुगे टिकेल असे बजावतो. (गृहस्थ फारसा चुकला नाही.) पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते तिसऱ्या लेखापाशी. ल्युसितानिया प्रांतातल्या अकरा स्थानिक जनसमूहांची नावे त्यात आहेत: इगाएदितानी, तालोरी, कोलार्नी, पाएसुरेस वगैरे. यांच्या नगरांनी वर्गणी काढून पूल पुरा केला.

हा ल्युसितानींचा मुलूख. इ. स. पू. १५० मध्ये रोमन सेनानी गाल्बाने जमिनी देतो म्हणून त्यांना बोलावले, शस्त्रे खाली ठेवायला लावली आणि कत्तल केली. उरलेले गुलाम म्हणून विकले. त्यातून वाचलेला विरियाथस वर्षानुवर्षे रोमशी लढला, इ. स. पू. १३९ मध्ये फितुरीने मारला गेला. अडीचशे वर्षांनी त्याच प्रांतातली नगरे जेत्याच्या नावाच्या कमानीसाठी वर्गणी देतात! याला निष्ठा म्हणायचे की नाइलाज? नदी ओलांडायची सोय त्यांनाही हवी होती, हे मी नाकारत नाही. पण साम्राज्य जिंकून थांबत नाही. जितांच्याच पैशाने स्वतःचे स्मारक उभारून घेते.

आणि वर्गणीदारांची यादी म्हणजे राबणाऱ्यांची यादी नव्हे. चिरे फोडणारा तिच्यात नाही. १५४३ च्या दुरुस्तीत पाचव्या चार्ल्सची राजमुद्रा कमानीवर चढली. १८०९ मध्ये वेलिंग्टनच्या सैन्याने एक कमान उडवली; १८६० मध्ये पूल पुन्हा बांधला गेला. पाथरवट दर वेळी लागला.

त्याला पाहायचे तर व्हॅटिकनच्या संग्रहालयात जावे लागते. तिथे हातेरी कुटुंबाच्या थडग्यावरचे, साधारण याच काळातले शिल्प आहे. त्यात बांधकामाची यारी कोरली आहे. तिला मोठे चाक आहे आणि चाकाच्या आत माणसे. ती चालतात, चाक फिरते, दोर गुंडाळला जातो, दगड वर चढतो.