मैदानाची हवा, हाफकिनची लस

मुंबईच्या शिवाजी पार्कची मोकळी हवा एका अर्थी रोगराईने दिलेली आहे. 1896 च्या प्लेगने गिरगाव-मांडवीची दाटी हादरली, 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याकडे ऐसपैस वस्ती आखली गेली आणि 1925 मध्ये महापालिकेने हे मैदान खुले केले. पण नुसत्या हवा-उजेडाने साथ अडत नाही. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवकांना (कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न उरतोच). त्याच वर्षांत सक्तीच्या झडत्यांमुळे लोक रोगी लपवत होते. तेव्हा धाकापेक्षा विश्वासच लस पोचवतो, असे माझे मत आहे.

आज मुलांच्या फ्लूच्या लशीचे घोडे इथेच अडते. ‘साधा सर्दी-तापच तर आहे,’ असे पालक म्हणतात. पाच वर्षांखालील मुलांत त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही. ‘गेल्या वर्षी दिली होती की!’ हा आक्षेप अधिक रास्त आहे, पण विषाणू रूप बदलतो म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते. खर्चाच्या तक्रारीला मात्र उत्तर नाही: सरकारच्या नियमित लसीकरणात ती नाही. लहान मुलांना पहिल्यांदा लस घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे पावसाळ्याआधीची तयारी एप्रिलमध्येच सुरू व्हायला हवी.