कॅलेडियम : पाने झडली तरी कंद जिवंत

चतुर्थीच्या सुमारास मालवण, वेंगुर्ले परिसरातील अंगणांत माडाच्या विरळ सावलीत ठेवलेल्या कुंड्या लाल, गुलाबी व पांढऱ्या नक्षीच्या पानांनी भरून जातात. ही शोभा कॅलेडियमची. गावाहून हौसेने शहरात आणलेले हे झाड डिसेंबरपर्यंत पूर्ण सुकते आणि ते मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. वस्तुतः मातीखाली त्याचा कंद जिवंत असतो.

कॅलेडियम ही अळू व सुरणाच्या, म्हणजेच ॲरेसी कुळातील कंदवर्गीय वनस्पती. तिचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेचा उष्ण प्रदेश. पावसात वाढायचे आणि कोरड्या ऋतूत कंदरूपाने विश्रांती घ्यायची, हा तिचा स्वभाव. सिंधुदुर्गात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे हे ऋतुचक्र तिला मानवते.

लागवड

मेअखेरीस किंवा जूनच्या प्रारंभी कंद लावावेत. किनाऱ्यावरील रेताड माती पाणी धरून ठेवत नाही; तिच्यात कुजलेले शेणखत व पालापाचोळा भरपूर मिसळावा. जांभ्याच्या लाल मातीत याखेरीज थोडी वाळूही घालावी. कंदाचा डोळा वर ठेवून तो चार ते पाच सेंटिमीटर खोल लावावा. मोठ्या कंदाचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्यावर किमान एक डोळा असावा. कापलेल्या भागाला राख लावून तो सुकू द्यावा.

कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असावे. पाणी साचल्यास कंद कुजतो. पागोळ्यांच्या धारेखाली कुंडी ठेवू नये. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून भिंतीचा आडोसा द्यावा. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे मात्र टाळावे. नत्रयुक्त खताचा अतिरेक झाल्यास पानांत हिरवा रंग वाढतो व नक्षी फिकट होते. फुलाचा दांडा दिसताच खुडल्यास पाने अधिक काळ टिकतात.

विश्रांतीचा काळ

पाऊस सरल्यावर पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करून शेवटी बंद करावे. मालवणसारख्या उबदार ठिकाणी कंद कोरड्या कुंडीतच राहिला तरी चालतो. पुणे, नाशिक येथील थंडीत मात्र तो काढून, माती झटकून, कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात घरात ठेवावा. तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास कंदाला अपाय होतो.

हे अळू नव्हे

कोकणात ऋषिपंचमीच्या भाजीत अळू हवेच, आणि नेमका तोच कॅलेडियमच्या बहराचा काळ. दोन्हींच्या पानांचा आकार मिळताजुळता असल्याने सावधगिरी आवश्यक ठरते. कॅलेडियमच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, जीभ व घसा सुजतो. चिंच किंवा आमसूल घालून शिजवल्याने ही पाने खाण्यायोग्य होत नाहीत. म्हणून अळवाच्या वाफ्यात कॅलेडियम लावू नये, काढलेल्या कंदांना नावाची चिठ्ठी बांधावी आणि कुंड्या लहान मुले व गुरे यांच्यापासून दूर ठेवाव्यात. कंद हाताळताना हातमोजे वापरावेत. चुकून पान खाल्ले गेल्यास तोंड स्वच्छ धुवावे. सूज वाढल्यास किंवा श्वासास त्रास जाणवल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.