एका दोरावर झाड चढताना घर्षण यंत्र नेमकं काय करतं?

असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. झाडावरून सोडलेला एकच दोर, कमरेला हार्नेस, त्यावर धातूचं छोटंसं यंत्र, आणि माणूस झपझप वर. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कापड्यात आंबे काढायला किंवा राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडायला माणसं आजही बिनदोराची चढतात. त्यामुळे ही वस्तू कामाची आहेच. पण ऑनलाइन मागवण्याआधी ती काय करते आणि काय करत नाही, हे समजून घेऊ.

दुहेरी दोर आणि एकेरी दोर

दुहेरी पद्धतीत दोर फांदीवरून जातो. एक टोक हार्नेसला असतं आणि दुसऱ्या बाजूवर सरकती गाठ. वजन दोन्ही बाजूंना वाटलं जातं, म्हणून ६० किलोच्या माणसाचा गाठीवर साधारण ३० किलोच भार येतो.

एकेरी पद्धतीत दोर पक्का बांधलेला असतो. चढणं सोपं होतं, पण पूर्ण ६० किलो गाठीवर येतात. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली प्रुसिक गाठ किंवा तिच्यासारखी दुसरी गाठ अशा वेळी इतकी आवळते की उतरताना सरकत नाही. जोर लावून सैल करायला जावं, तर एकदम घसरण्याची भीती.

यंत्र इथे कामाला येतं

विहिरीत मोटार सोडताना आपण दोराला झाडाचा वेढा देतो. मग जड मोटारही दोघं जण आरामात खाली सोडतात. घर्षणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर हातावर जेमतेम पाचवा हिस्सा भार उरतो. घर्षण यंत्रही हेच करतं. दोराला वाकवतं आणि वजनाचा काही भाग स्वतःवर घेतं.

‘रोप रेंच’ हे त्याचं सोपं उदाहरण. अमेरिकेतल्या केविन बिंगहॅम यांनी ते बनवलं. हे गाठीच्या वर बसतं. वजन आलं की तिरपं होऊन दोर वाकवतं, वजन गेलं की सरळ होऊन दोरावरून सरकतं. लक्षात ठेवा, माणसाला धरून ठेवते ती खालची गाठच. रेंच फक्त तिचा भार हलका करतो.

पेट्झल कंपनीच्या ‘झिगझॅग’मध्ये गाठीऐवजी धातूच्या कड्यांची साखळी असते. ते मुळात दुहेरी दोरासाठी आहे. एकेरी दोरावर त्याला ‘शिकेन’ हा जोडभाग लावावाच लागतो. रीलमध्ये तो पटकन लक्षात येत नाही.

चढण्याआधी हे बघा

• दोर: यंत्रावर दोराची जाडी लिहिलेली असते, तेवढ्याच जाडीचा दोर वापरा. गुरांचा किंवा मोटारीचा दोर चालणार नाही. दोर भिजला किंवा चिखलानं माखला की पकड बदलते.

• फांदी: दोर फांदीवरून घेऊन खाली बुंध्याला बांधला, तर फांदीवर जवळपास दुप्पट भार येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे १२० किलो. जांभूळ आणि शेवग्याच्या ठिसूळ फांद्यांवर हा धोका घेऊच नका.

• उष्णता: ६० किलोचा माणूस १५ मीटर उतरला की सुमारे ९,००० जूल ऊर्जेची उष्णता होते. ती सगळी १०० ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये गेली, तर ते जवळपास १०० अंशांनी तापेल. म्हणून सावकाश उतरा, आणि उतरल्यावर तापलेलं यंत्र दोरावर तसंच टेकवून ठेवू नका.

• विजेच्या तारा: झाडाजवळून तार जात असेल तर चढू नका. आधी महावितरणला १९१२ वर कळवा.

• सोबत: खाली एक जाणकार माणूस हवाच. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला लगेच उतरवावं लागतं.

पहिला सराव शिकलेल्या माणसासमोर, जमिनीपासून फूटभर उंचीवरच करा. पूर्ण वजन टाका आणि हात सोडा. यंत्र किंवा गाठ जागच्या जागी थांबली पाहिजे. थोडी जरी घसरली, तर वर जाऊ नका. यंत्रानं तुमचं उतरणं ताब्यात राहतं. फांदी मजबूत आहे की नाही, हे मात्र तुम्हालाच पाहावं लागतं.