वाऱ्याने वाजणाऱ्या तारा

रोममधील जेझुइट विद्वान अथनासिउस किर्खर यांनी १६५० मध्ये एका वाद्याचे वर्णन छापले. खिडकीच्या फटीशी ते ठेवले, की वाऱ्याने तारा आपोआप वाजत. गंमत अशी, की साऱ्या तारा एकाच स्वरात लावूनही निरनिराळे स्वर उमटत!

याचे कोडे सुटायला सव्वादोनशे वर्षे लागली. चेक भौतिकशास्त्रज्ञ चेनेक स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये मोजून दाखवले, की वाऱ्याच्या सुराची कंपनसंख्या त्याचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरते. तारेमागे दोन्ही बाजूंना आळीपाळीने भोवरे सुटतात. तार १ मिलिमीटर जाड आणि वारा सेकंदाला ५ मीटर असेल, तर कंपने सेकंदाला सुमारे १०००. ही लय तारेच्या एखाद्या उपस्वराशी जुळली, की तार मोठ्याने वाजते. वारा वाढला, की वरचा उपस्वर धरते.

अलास्कातील फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयात २००६ मध्ये जॉन ल्यूथर ॲडम्स यांचे ध्वनिदालन उघडले. हवामान, भूकंप, ध्रुवीय प्रकाश यांच्या ताज्या नोंदींचे संगणकाने तेथे स्वर केले. कल्पना सुरेख; पण कोणत्या नोंदीला कोणता स्वर द्यायचा, हे संगीतकाराने ठरवलेले. त्याचा संकेत ठाऊक नसेल, तर नुसते ऐकून बाहेरचे हवामान ओळखता येणार नाही. किर्खर यांच्या तारेवरून मात्र वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधता येतो.