संदर्भ किती, पुरावे किती?

पदव्युत्तर वर्गात संशोधनपद्धती शिकविताना आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो : प्रबंधाला संदर्भ किती हवेत? उत्तरादाखल आम्ही शिवजन्मतिथीचा वाद मांडतो.

चिटणीस बखरीसारख्या उत्तरकालीन साधनांच्या आधारे शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हे जन्मवर्ष एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत गेले. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी होती. केवळ एका नोंदीवर रूढ समजूत मोडीत काढणे धाडसाचे ठरले असते. परंतु शिवकालीन कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही तीच तिथी आढळली. प्रकार भिन्न, प्रयोजन भिन्न, तरी साक्ष एक. म्हणून तिचे वजन अधिक.

उलट, दहा ग्रंथ एकाच बखरीवर विसंबलेले असतील, तर पुरावा एकच उरतो. तेव्हा संदर्भसूची लांबविण्यापूर्वी प्रत्येक लेखकाला विचारावे : हे तुम्हांला कोठून कळले? आमच्याच जुन्या टिपणवह्यांना आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा काही पाने आम्हांला खोडावी लागली.