दोन माणसं पुरेशी असतात

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. घरची बरीच मंडळी हे वाचतात. त्यातल्या काहींना ठाऊक आहे, काहींना ठाऊक असूनही ते विषय टाळतात. तर सांगूनच टाकतो. मी दारुडा होतो. गेल्या पोळ्याला दारू सुटून अकरा वर्षं झाली.

कशी सुटली हे सांगायचं तर आधी आमच्या अमळनेरबद्दल थोडं सांगायला हवं.

आमचं गाव सानेगुरुजींचं. १९२४ ते १९३० ते इथे प्रताप हायस्कूलात शिकवत, छात्रालय सांभाळत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्या चळवळीत मिठाच्या जोडीला दारूच्या दुकानांवर निदर्शनं हाही मोठा कार्यक्रम होता आणि गांधीजींनी तो मुद्दाम बायकांवर सोपवला होता. कारण उघड आहे, दारूचा मार घरात त्यांनाच बसत होता.

पुढे स्वराज्य आलं, १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. आपलं खानदेशही त्यात आलं. दुकानं बंद झाली, हातभट्ट्या सुरू झाल्या! साठीच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. कायदा मात्र आजही आहे, प्यायला परवाना लागतो म्हणतात. मी आयुष्यात कधी काढला नाही, असो.

दुकान बंद करणं हा झाला एक उपाय. दुसरा उपाय आमच्या आईचा, शपथ. बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे. तिथे उभं राहून मी तीनदा शपथ घेतली. तिन्ही वेळा मनापासून घेतली, तिन्ही वेळा मोडली. तिसऱ्यांदा मोडली तेव्हा आई काहीच बोलली नाही. ताट वाढून आत निघून गेली. ते अजून आठवतं.

तिसरा उपाय आपल्यापासून फार लांब, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन नावाच्या गावी सापडला होता. साल १९३५. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामाने तिथे गेलेला. दारू सोडून काही महिनेच झाले होते. काम फिसकटलं. हॉटेलात एकटा, समोर बार. त्याने काय करावं? गावातल्या चर्चला फोन लावत सुटला, की मला एखादा दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. डॉक्टर म्हणाले पंधरा मिनिटं देतो. बसले ते काही तास. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्मदिवस मानतात.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बिल उपदेश करायला गेला नव्हता. स्वतः वाचायला गेला होता.

आपल्याकडे पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं आणि त्याला पाठबळ दिलं ते पु. ल. आणि सुनीताबाईंनी. तिथेही औषधाइतकाच भर एकमेकांशी बोलण्यावर, आणि घरी गेल्यावरच्या पाठपुराव्यावर.

त्या पाठपुराव्याशीच माझी गाठ होती. उपचार घेऊन घरी आलो, पंधरा दिवस बरे गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, गटात जात जा. पण लाखभर वस्तीचं गाव, कोणी पाहिलं तर? म्हणून शोधत शोधत जळगावचा गट गाठला. पॅसेंजरने जायचं, कोणी ओळखीचं नाही, झकास.

पहिल्याच दिवशी खोलीत शिरलो तर समोरच्या खुर्चीवर आमच्याच गल्लीतला माणूस!

"काय रे भो, तू बी?"

दोघंही इतके हसलो की सगळी खोली बघायला लागली.

तिथे फी नाही, नोंदवही नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. एकेक जण नाव सांगतो, "मी बेवडा आहे" म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. जन्मभराची शपथ तर नाहीच. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. समाधीपुढे मी जन्माचं वचन एकट्याने उचललं होतं, इथे एका दिवसाचं, तेही वाटून घेतलेलं.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं बोलत यायचो. गाडी चुकली की आमच्या ओट्यावर बसायचो. अ‍ॅक्रनला तरी कितीजण होते? दोनच ना!

कोणाच्या घरी हे चालू असेल तर एवढंच सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग गट. घरच्यांसाठीही 'अल-अ‍ॅनॉन' म्हणून वेगळे गट असतात. आणि जवळपास काहीच सापडलं नाही तर आमच्या ओट्यावर या. चहा ठेवतो.

आईने माझी चार कोरडी वर्षं पाहिली, मग गेली. शपथेचा विषय तिने पुन्हा काढला नाही. रोज सकाळी फक्त विचारायची, "आज जळगावले जाशी ना?"