वर्ध्याची कोलामी

१९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. त्याच दशकात भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो याच जिल्ह्यातील कोलामांच्या तोंडून त्यांची भाषा टिपून घेत होते.

कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविडी कुळातील असून तिची शाखा शेजारच्या गोंडीहूनही वेगळी आहे. तिला स्वतंत्र लिपी नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या केवळ मुखाने टिकली.

एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. वर्ध्याची ही भाषा अशी जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली. शासनदरबारी कोलाम ‘आदिम जमात’ म्हणून नोंदले गेले. त्यांच्या मुलांची शाळा मात्र मराठीतच भरली.

मित्रहो, ग्रंथात भाषेची नोंद राहते. तिचा श्वास कोलामांच्या पोडांवरच चालतो. वर्ध्याचा इतिहास लिहिताना सेवाग्रामइतकेच तिकडेही कान द्यावे लागतील.